विल्यम बर्ड: पगार राणीचा, मिस्सा लपूनछपून

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. शेवटी ऐकण्यासाठी तीन रचना सुचवल्या आहेत, तिथपर्यंत नक्की या.

सुरुवात अगदी अलीकडच्या एका तारखेपासून करू. ६ मे २०२३. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजा चार्ल्स तिसरा याचा राज्याभिषेक होता. मुकुट, सोन्याची बग्गी, पाहुण्यांच्या टोप्या, हे सगळं तुम्ही रील्समध्ये बघितलं असेल. त्याच सोहळ्यात गायकांनी एक लॅटिन रचना गायली, 'ग्लोरिया'. फक्त माणसांचे आवाज, साथीला एकही वाद्य नाही. संगीतकार विल्यम बर्ड.

आता गंमत बघा. ही रचना साधारण १५९२-९३ मध्ये छापली गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये ती तिच्या खऱ्या जागी, म्हणजे कॅथलिक मिस्सेमध्ये, तुम्ही नुसती बसून ऐकली असती, तरी कायद्यानं एक वर्षाचा तुरुंगवास आणि जबर दंड होता. मिस्सा म्हणणाऱ्या धर्मगुरूला तर थेट फाशी होऊ शकत होती. आणि ही बंदी कोणाच्या नावानं? चर्च ऑफ इंग्लंडच्या, ज्याचा प्रमुख आजही ब्रिटनचा राजाच असतो.

म्हणजे ज्या गादीनं हे संगीत बेकायदा ठरवलं, त्याच गादीवर बसणाऱ्या माणसासाठी चारशे तीस वर्षांनी ते गायलं गेलं. आणि हे संगीत लिहिणारा माणूस त्या काळी कुठे नोकरी करत होता? राणीच्या दरबारात! आजचा भाग या माणसावर आहे.

अठरा वर्षांत तीनदा पलटी

बर्डचा जन्म १५४० च्या आसपासचा, लंडनमधला. तेव्हा राज्य आठव्या हेन्रीचं. त्यानं पोपशी फारकत घेतली होती आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख तो स्वतः झाला होता. बर्ड सातेक वर्षांचा असताना हेन्री वारला आणि सहावा एडवर्ड आला. तो कट्टर प्रोटेस्टंट. लॅटिन प्रार्थना गेल्या, इंग्रजी आल्या. बर्ड तेराचा होतो तोवर मेरी राणी आली. ती कॅथलिक. पुन्हा लॅटिन, पुन्हा पोप. तो अठराचा होतो तोवर, १५५८ मध्ये, एलिझाबेथ आली. पुन्हा प्रोटेस्टंट.

विचार करा, आपलं शिक्षण पूर्ण होईपर्यंत देशाचा अधिकृत धर्म तीनदा बदलला. काल जे म्हणणं पुण्य होतं, ते आज गुन्हा. आणि चर्चमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची तर रोजीरोटीच त्यावर. बर्डचा गुरू थॉमस टॅलिस यानं या चारही राजवटींत दरबारात नोकरी केली. ज्याची गादी, त्याला हवं तसं संगीत. बर्ड याच मुशीत तयार झाला.

चार आवाज म्हणजे नेमकं काय?

इथे दोन मिनिटं थांबतो, कारण हे कळलं नाही तर पुढची मजा येणार नाही.

आपल्याकडे भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि मागचे सगळे तीच ओळ, त्याच चालीत उचलतात. वीस माणसं असली तरी चाल एकच. बर्डच्या संगीतात तसं नाही. चार आवाजांची रचना म्हणजे चार वेगळ्या चाली, एकाच वेळी. वरचा बारीक आवाज एक ओळ सुरू करतो. तो अजून मध्यावर असतानाच दुसरा तीच ओळ खालच्या पट्टीत उचलतो. मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक चाल एकेकटी ऐकली तरी गोड, आणि चारही मिळून आणखी पाचवंच काहीतरी तयार होतं. याला पॉलिफोनी म्हणतात.

त्या काळी हे छापायचे कसे? आजच्यासारखे सगळे आवाज एकाखाली एक छापत नसत. प्रत्येक आवाजाची पुस्तिका वेगळी. चार आवाज, चार पातळ पुस्तिका. तुमच्या हातात फक्त तुमची ओळ. बाकीचे काय गातायत ते कानानंच पकडायचं. एकटा माणूस ते वाचून काहीच उभं करू शकत नाही, चौघं जमलेच पाहिजेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिंकन ते लंडन

१५६३ मध्ये बर्डला पहिली मोठी नोकरी लागली, लिंकन कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादक आणि बालगायकांचा शिक्षक म्हणून. वय तेवीसच्या आसपास. पगार वर्षाला १३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. हा आकडाही लक्षात ठेवा. तिथल्या वरिष्ठांशी त्याचं फार जमलेलं दिसत नाही. १५६९ मध्ये त्याचा पगार काही काळ थांबवला गेला आणि पुढच्या वर्षी ऑर्गन किती आणि कधी वाजवायचा याचे नियम घालून दिले गेले. कडव्या प्रोटेस्टंटांना चर्चमध्ये फार संगीत नकोच होतं. शब्द कळले पाहिजेत, सूर कशाला?

१५७२ मध्ये त्याला चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे राणीच्या खास गायकमंडळीत जागा मिळाली. ती कशी? रॉबर्ट पार्सन्स नावाचा संगीतकार ट्रेंट नदीत बुडून मेला आणि त्याची जागा रिकामी झाली.

एलिझाबेथ स्वतः प्रोटेस्टंट, पण तिला संगीताचा नाद होता. ती स्वतः व्हर्जिनल नावाचं कळफलकाचं वाद्य वाजवायची. १५७५ मध्ये तिनं टॅलिस आणि बर्ड यांना एक भारी गोष्ट दिली: २१ वर्षांसाठी संगीत छापण्याचा मक्ता. देशात सुरावटी छापायच्या, अगदी छापील रेघांचा कोरा कागद विकायचा, तरी यांच्या परवानगीनं. दोघांनी लगेच लॅटिन रचनांचं पुस्तक काढलं. राणीच्या राज्याचं सतरावं वर्ष, म्हणून प्रत्येकाच्या सतरा, एकूण ३४ रचना. पुस्तक राणीला अर्पण. आणि पुस्तक आपटलं! दोनच वर्षांनी दोघांनी राणीकडे अर्ज केला की आमचं नुकसान झालंय, काहीतरी करा. मोठ्या कलाकारांचंही पहिलं पुस्तक पडतं, एवढाच दिलासा घ्या.

फास आवळत जातो

बर्ड कॅथलिक होता. १५७७ मध्ये त्याची बायको ज्युलियाना हिचं नाव सरकारी यादीत आलं. गुन्हा काय? ती रविवारी सरकारमान्य चर्चला जात नव्हती. पुढच्या दशकात बर्डचंही नाव येत राहिलं. १५८१ च्या कायद्यानं गैरहजेरीचा दंड झाला महिन्याला २० पौंड. आता तो लिंकनचा आकडा आठवा: वर्षाचा पगार १३ पौंड आणि काही शिलिंग. म्हणजे एका महिन्याचा दंड त्याच्या जुन्या नोकरीच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त!

त्याच वर्षी, १ डिसेंबर १५८१ ला, लंडनच्या टायबर्न इथे एडमंड कॅम्पियन या जेझुइट धर्मगुरूला देहान्त शासन झालं. ऑक्सफर्डचा हुशार विद्यार्थी, देश सोडून गेलेला, आणि मरण दिसत असूनही परत आलेला. त्याच्यावर एक इंग्रजी कविता लिहिली गेली. ती ज्यात होती ते पुस्तक छापल्याबद्दल स्टीफन व्हॅलेंजर नावाच्या माणसाचे कान कापले. आणि या कवितेला चाल कोणी लावली? राणीच्या पगारी नोकरानं, बर्डनं. १५८८ मध्ये त्यानं हे गाणं छापलंसुद्धा, फक्त कॅम्पियनचं नाव घेणारी कडवी बाजूला ठेवून. ज्यांना कळायचं त्यांना चाल ऐकूनच कळत असणार.

अजून एक किस्सा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. फिलिप द माँट हा युरोपातल्या सम्राटाच्या दरबारचा प्रमुख संगीतकार. कॅथलिक. १५८३ मध्ये त्यानं बर्डला आठ आवाजांची एक रचना पाठवली. शब्द बायबलमधल्या एका स्तोत्राचे. गोष्ट अशी: ज्यू लोक बॅबिलोनमध्ये बंदिवासात आहेत, नदीकाठी बसून मायदेश आठवून रडतायत, वीणा झाडांना टांगून ठेवल्या आहेत. कैद करणारे म्हणतात, गा की तुमची गाणी. मजकूर बायबलचा, म्हणजे वरवर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही. पण आतला प्रश्न सरळ आहे: मित्रा, तू तिथे अडकलायस, तुझं कसं चाललंय?

पुढच्या वर्षी बर्डनं उत्तर धाडलं. तेही आठ आवाजांचं, त्याच स्तोत्राच्या पुढच्या ओळींवर. परक्या भूमीत आपल्या देवाचं गाणं गायचं तरी कसं, आणि मायदेशाला विसरलो तर माझा हातच निकामी होवो, अशा अर्थाच्या त्या ओळी. एक लक्षात घ्या, बर्ड स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच गावात राहत होता. तरी त्याला परक्या भूमीतल्या माणसाचे शब्द आपले वाटले.

नाव-गाव नसलेली पुस्तकं

आणि मग येतात १५९० ची वर्षं. बर्ड पन्नाशी ओलांडलेला. कीर्ती शिखरावर. आणि तो ठरवतो की मिस्सेला संगीत द्यायचं.

मिस्सा हा शब्द वसई किंवा गोव्याकडच्या श्रोत्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: कॅथलिकांची मुख्य उपासना. तिचे काही ठरलेले लॅटिन भाग असतात, किरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्टुस, आग्नुस देई. हेच शब्द शेकडो संगीतकारांनी आपापल्या पद्धतीनं बांधले आहेत, जशी एकच बंदिश वेगवेगळे गायक आपापल्या घराण्याप्रमाणे मांडतात. पण इंग्लंडमध्ये १५५८ नंतर ही परंपरा खुंटली होती. बर्डनं धागा उचलला तो मागच्या पिढीच्या जॉन टॅव्हर्नर या संगीतकारापासून. चार आवाजांच्या मिस्सेतल्या सांक्टुसमध्ये त्यानं टॅव्हर्नरची आठवण सरळसरळ ठेवली आहे.

त्यानं तीन मिस्सा छापल्या, चार, तीन आणि पाच आवाजांच्या. मुखपृष्ठ नाही. छापखान्याचं नाव नाही. साल नाही. आज आपण त्या १५९२ ते १५९५ मधल्या म्हणतो, ते कशावरून? १९६० च्या दशकात पीटर क्लुलो या अभ्यासकानं छपाईतल्या शोभेच्या अक्षरांचे ठसे तपासले. लाकडी ठसा वापरून वापरून झिजतो, त्याला चिरा जातात. तारीख माहीत असलेल्या इतर पुस्तकांत तोच ठसा किती झिजलाय ते बघून त्यांनी क्रम लावला. अगदी डिटेक्टिव्ह काम! छापणारा होता थॉमस ईस्ट. आणि छपाईचा मक्ता? तोच, राणीनं दिलेला, अजून बर्डच्याच हातात. टॅलिस १५८५ मध्ये वारला होता.

आणि सगळी ओळख पुसलेल्या या पुस्तिकांमध्ये एक गोष्ट मात्र ठेवली होती. आत पानावर नाव छापलंय: डब्ल्यू. बर्ड.

ही मिस्सा गायची कुठे? श्रीमंत कॅथलिकांच्या खेड्यातल्या वाड्यांत, दारं लावून. अशा घरांच्या भिंतींत, जिन्याखाली धर्मगुरूंना दडवायच्या जागा केलेल्या असत. निकोलस ओवेन नावाचा सुतार यात इतका तरबेज होता की शेवटी १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याचा छळ करून त्याला मारलं, पण त्यानं तोंड उघडलं नाही. अशा घरात पन्नास जणांचा ताफा कुठून आणणार? घरचे दोघं, शेजारचा एक, एखादा विश्वासू नोकर. म्हणून तीन, चार, पाच आवाज. म्हणून रचना आटोपशीर. आता त्या पातळ पुस्तिका आठवा. एकेकट्याकडे फक्त एक ओळ. देव भेटायचा तर चौघांनी एकमेकांवर विश्वास टाकून एका खोलीत जमायलाच हवं.

गेलेले आणि राहिलेला

इथे मला आपला एक माणूस आठवतो. आपला म्हणजे, झालेला. फादर थॉमस स्टीफन्स. 'ख्रिस्तपुराण'वाले. हा बर्डपेक्षा साधारण नऊ वर्षांनी लहान, इंग्लंडचाच, कॅथलिक. १५७५ मध्ये, म्हणजे राणीनं बर्डला मक्ता दिला त्याच वर्षी, स्टीफन्स रोममध्ये जेझुइट झाला. १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. मधल्या काळात त्यानं मराठी आत्मसात करून सुमारे ११,००० ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, जे १६१६ मध्ये छापलं गेलं.

एकाच देशाचे, एकाच धर्माचे तीन हुशार पुरुष. कॅम्पियन परत आला आणि मारला गेला. स्टीफन्स गेला आणि दुसऱ्याच भाषेचा होऊन गेला. बर्ड राहिला. आणि राहणाऱ्याची गोष्ट सांगायला सगळ्यात अवघड असते, कारण ती स्वच्छ नसते.

बघा ना. बर्ड राणीचा पगार घेतो. प्रोटेस्टंट चर्चसाठी इंग्रजीत अप्रतिम संगीत लिहितो. त्याची 'ग्रेट सर्व्हिस' म्हणजे त्या चर्चच्या संगीतातला मुकुटमणी. १५८८ मध्ये कॅथलिक स्पेनचं आरमार हरलं, तेव्हा विजयाच्या सोहळ्यासाठीही त्यानं संगीत दिलं. १५९२ मध्ये त्याच्यावरचा खटला राणीच्या हुकमानं थांबवला गेला. इतर कॅथलिकांना असं संरक्षण कुठे?

संतही नव्हता तो. एसेक्समधल्या स्टोंडन मॅसी गावात ज्या घरात तो राहायला गेला, ते घर एका कॅथलिक माणसाचं, सरकारनं जप्त केलेलं. त्या माणसाची विधवा घर परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं भांडत राहिली आणि बर्डही कोर्टात पाय रोवून उभा राहिला. घर सोडलं नाही.

मग हा दुटप्पी होता का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. दुटप्पी माणूस दोन्हीकडे कामचुकारपणा करतो, जिथे फायदा तिथे जीव ओततो. बर्डनं दोन्हीकडे जीव ओतला. राणीसाठी लिहिलेलं संगीत खोटं वाटत नाही. आणि ज्या कामातून पैसा, मान, बढती काहीच मिळणार नव्हतं, उलट सगळं जाऊ शकत होतं, त्या मिस्सांवर त्यानं आपलं नाव घातलं. ते नाव नसतं छापलं तरी चाललं असतं. कोणी विचारलं नसतं. पण छापलं.

आपल्यातही कितीतरी जण पोटासाठी एका ठिकाणी आणि मनानं दुसऱ्या ठिकाणी जगतात. त्यांना घाबरट म्हणणं फार सोपं असतं.

शेवटची वर्षं

१६०५ मध्ये त्यानं 'ग्रादुआलिया'चा पहिला भाग छापला, १६०७ मध्ये दुसरा. वर्षभराच्या कॅथलिक सणांसाठी शंभरावर छोट्या रचना. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो की पवित्र शब्दांचं मनापासून चिंतन केलं की योग्य सूर आपोआप सुचतात. पण १६०५ हेच ते साल, ५ नोव्हेंबरला काही कॅथलिकांनी पार्लमेंट उडवून देण्याचा कट केला आणि तो फसला. धरपकड सुरू झाली. एका फ्रेंच प्रवाशाला खाणावळीत पकडून तुरुंगात टाकलं. त्याच्याजवळ सापडलं काय? बर्डचं पुस्तक.

बर्ड मात्र ४ जुलै १६२३ ला घरीच वारला, ऐंशी पार करून. चॅपल रॉयलच्या नोंदवहीत त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याला संगीताचा पिता म्हटलंय. असं त्या वहीत सहसा कोणाबद्दल लिहीत नसत. तो नेमका कुठे पुरला आहे, हे दाखवणारा दगड नाही.

आता ऐका

तिन्ही रचना यूट्यूबवर किंवा तुमच्या नेहमीच्या ॲपवर सहज मिळतील.

एक, 'क्वोमोदो कांताबिमुस'. माँटला पाठवलेलं उत्तर. आठ आवाज मोजायच्या भानगडीत पडू नका, नुसतं डुंबा.

दोन, 'सिंग जॉयफुली'. प्रोटेस्टंट चर्चसाठीचं, इंग्रजी, उसळतं. तीन मिनिटांच्या आत संपतं. नोकरीचा बर्ड.

तीन, चार आवाजांच्या मिस्सेचा शेवट, 'आग्नुस देई'. दोन आवाजांनी सुरू होतं, मग तीन होतात, मग चारही. शेवटच्या शब्दांत शांती मागितली आहे. तिथे कान द्या. एक आवाज पुढच्या सुरावर सरकतो, दुसरा जुन्याच सुराला धरून राहतो. क्षणभर दोन्ही एकमेकांना टोचतात. मग दुसरा सुटतो, तोवर तिसरा अडकलेला असतो. असं पुन्हा पुन्हा होतं. रात्री दिवे मालवून ऐका. दार लावलेल्या खोलीत, रस्त्यावरच्या घोड्यांच्या टापांकडे एक कान ठेवून चार जण हे गातायत, एवढंच डोळ्यांसमोर आणा.

कसं वाटलं ते कळवा. आणि बर्ड दुटप्पी होता की नव्हता, यावर भांडायचं असेल तर जरूर भांडा, मी तयार आहे. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!